वनडे आणि टी-२० प्लेयरचं करिअर वाचायचं कसं? नवीन लोकांसाठी

परवा भाचा विचारत होता, मामा बेव्हन भारी की सेहवाग? त्याने मोबाईलवर दोघांचे आकडे काढून ठेवलेले, ऑस्ट्रेलियाच्या मायकेल बेव्हनचं वनडे अ‍ॅव्हरेज ५३.५८ आणि सेहवागचं ३५.०५, म्हणजे विषय संपला असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं अरे बाबा बस जरा, असं नसतं. मग जे काही तासभर त्याला सांगितलं ते इथे लिहून काढतोय, कारण आजकाल बरीच नवीन पोरं थेट टी-२० बघून क्रिकेटमध्ये येतात आणि मग जुन्या प्लेयर्सचे आकडे बघून एकतर हसतात नाहीतर उगाच भारावून जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या माणसाला टीमने काम काय दिलं होतं ते आधी शोधायचं, आकडा त्यानंतर बघायचा. उलटं केलं की घोळ होतो.

पायरी १ : आधी बघा टेबल कुठलं उघडलंय

हसू नका, निम्मी भांडणं इथेच होतात. आकड्यांच्या साइटवर कुठल्याही प्लेयरच्या पानावर लिमिटेड ओव्हर्सच्या चार ओळी दिसतात. वनडे इंटरनॅशनल, टी-२० इंटरनॅशनल, लिस्ट ए आणि नुसतं टी-२०. यातल्या पहिल्या दोन म्हणजे देशासाठी खेळलेल्या मॅचेस. लिस्ट ए म्हणजे मोठ्या लेव्हलचं सगळं वनडे क्रिकेट, त्यात डोमेस्टिक पण आलं आणि देशाकडून खेळलेल्या वनडे पण आल्या. टी-२० चंही तसंच, त्यात आयपीएल, ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, वेस्ट इंडीजची सीपीएल, सगळ्या लीग आणि इंटरनॅशनल मॅचेस एकत्र धरलेल्या असतात. त्यामुळे या ओळींची बेरीज कधीच करायची नाही, तेच रन दोनदा मोजले जातात.

ख्रिस गेलचं घ्या. टी-२० इंटरनॅशनलमध्ये ७९ मॅचेस आणि १८९९ रन, ठीकठाक वाटतं ना? आता खालची ओळ बघा, एकूण टी-२० मध्ये ४६३ मॅचेस आणि १४५६२ रन. म्हणजे या माणसाचं टी-२० करिअर जवळपास सगळं लीगमध्येच झालंय, आणि फक्त वरची ओळ वाचणाऱ्याला ते कळणारच नाही. तसंच वनडेतला पुरुषांचा हायेस्ट स्कोर कोणाचा विचारलं तर रोहित शर्माचा २६४, पण लिस्ट ए म्हटलं तर उत्तर बदलतं, तिथे एन. जगदीशनने २०२२ मध्ये तमिळनाडूकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध २७७ केलेत.

पायरी २ : रकाने

हे पटकन उरकू. मॅचेस, इनिंग्स, नॉट आऊट, रन, हायेस्ट, अ‍ॅव्हरेज, खेळलेले बॉल, स्ट्राइक रेट. हायेस्टच्या पुढे चांदणी (*) असेल तर तो नॉट आऊट होता. मॅचेसपेक्षा इनिंग्स कमी असतात कारण दर वेळी बॅटिंग येईलच असं नाही, आणि टॉस झाला की मॅच मोजली जाते, नंतर दिवसभर पाऊस पडला आणि एकही बॉल पडला नाही तरीही. सूर्यकुमार यादवने २०२१ मध्ये टी-२० इंटरनॅशनल डेब्यू केला त्या मॅचमध्ये त्याची बॅटिंगच आली नव्हती, दुसऱ्या मॅचमध्ये आली आणि पहिल्याच बॉलला जोफ्रा आर्चरला सिक्स. पण आकड्यांत ती पहिली मॅचही आहेच.

पायरी ३ : अ‍ॅव्हरेज खरं काय सांगतं

अ‍ॅव्हरेज म्हणजे एका इनिंगला सरासरी किती रन असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये. एकूण रन भागिले किती वेळा आऊट झाला. नॉट आऊट राहिलेल्या इनिंगचे रन वर जमा होतात पण खाली भागताना ती इनिंग धरतच नाहीत. हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे.

मायकेल बेव्हन, ऑस्ट्रेलिया, २३२ वनडे, १९६ इनिंग्स, ६९१२ रन, आणि नॉट आऊट ६७ वेळा. म्हणजे तो आऊट झाला १२९ वेळा, ६९१२ भागिले १२९ म्हणजे ५३.५८. हेच जर इनिंग्सने भागलं तर ३५ च्या आसपास येतं! सेहवाग २४५ इनिंग्समध्ये फक्त ९ वेळा नॉट आऊट, त्यामुळे त्याला कसंही भागा, फार फरक पडत नाही, ८२७३ भागिले २४५ केलं तरी ३४ च्या जवळच. आता बघा, ५३ विरुद्ध ३५ वाटत होतं ते एका झटक्यात जवळजवळ बरोबरीला आलं.

पण थांबा, इथे लगेच दुसरी चूक करू नका. हे वाचून बरेच जण म्हणायला लागतात की बघा बेव्हनचं अ‍ॅव्हरेज फुगवलेलं आहे, नॉट आऊट राहून राहून. मीही कॉलेजात असताना हेच ठासून सांगायचो आणि स्वतःला लय हुशार समजायचो. अरे पण शेवटपर्यंत टिकून मॅच संपवणं हेच त्याचं काम होतं की! पाचव्या-सहाव्या नंबरवर यायचं, समोर विकेट पडत असताना एक-दोन रन पळत राहायचं, आणि शेवटच्या ओव्हरपर्यंत उभं राहायचं. त्या कामात नॉट आऊट राहणं म्हणजे पास होणं. धोनीचंही तेच, ३५० वनडेत ८४ वेळा नॉट आऊट आणि अ‍ॅव्हरेज ५०.५७. सेहवागला कोणी पन्नासाव्या ओव्हरपर्यंत उभा राहा असं सांगितलंच नव्हतं, त्याला पहिल्या दहा ओव्हरमध्ये समोरच्याची वाट लावायला पाठवायचे.

लहान स्पर्धेत अ‍ॅव्हरेज तर फारच गंमत करतं. लान्स क्लूझनर १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये २८१ रन आणि अ‍ॅव्हरेज १४०.५०, म्हणजे आख्ख्या स्पर्धेत आऊटच दोनदा. प्लेयर ऑफ द टूर्नामेंट तोच होता आणि होताही त्या लायकीचा, पण १४० हा आकडा बघून तो ब्रॅडमनपेक्षा भारी असं कोणी म्हणत नाही. पाच-सात मॅचेसचं अ‍ॅव्हरेज बघायचं झालं तर नुसतं बघायचं आणि सोडून द्यायचं.

पायरी ४ : स्ट्राइक रेट, आणि १२ बॉलवाला हिशोब

स्ट्राइक रेट म्हणजे १०० बॉलमध्ये किती रन. सेहवागचा १०४.३३, बेव्हनचा ७४.१६. आता हे दोन आकडे एकत्र ठेवून बघायची सवय लावा, सुटे नाही.

वनडेत ३०० बॉल आणि १० विकेट, म्हणजे एका विकेटच्या वाट्याला ३० बॉल. टी-२० मध्ये १२० बॉल आणि तेवढ्याच १० विकेट, एका विकेटला फक्त १२ बॉल. म्हणजे टी-२० मध्ये विकेट स्वस्त झाली आणि बॉल महाग झाला. म्हणून टी-२० मध्ये १४ बॉलमध्ये ३० करून आऊट झालेला माणूस टीमच्या कामाचा असतो आणि ४५ बॉलमध्ये ५० करून नॉट आऊट राहिलेला माणूस कधीकधी मॅच घालवून आलेला असतो, जरी आकड्यांत त्याचं अ‍ॅव्हरेज वाढलं असलं तरी. वनडेत हे एवढं टोकाला जात नाही, तिथे अजूनही विकेट सांभाळायला किंमत आहे. त्यामुळे माझा साधा नियम असा की वनडेत आधी अ‍ॅव्हरेज मग स्ट्राइक रेट, टी-२० मध्ये आधी स्ट्राइक रेट मग अ‍ॅव्हरेज. ओपनर असेल तर त्यातही थोडं इकडेतिकडे.

सूर्यकुमारचं उदाहरण परत घेतो कारण दोन फॉरमॅट किती वेगळे आहेत ते त्याच्याकडे बघून कळतं. टी-२० इंटरनॅशनलमध्ये स्ट्राइक रेट १६० च्या वर, अनेक महिने जगात एक नंबरचा बॅट्समन, आणि वनडेत अ‍ॅव्हरेज पंचवीसच्या आसपास. माणूस तोच, बॅट तीच. पण टी-२० मध्ये तो येतो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं असतं, वनडेत मधल्या ओव्हर्समध्ये चार फील्डर बाहेर असताना तीस ओव्हर डाव कसा बांधायचा हे वेगळंच काम आहे.

पायरी ५ : कितव्या नंबरवर यायचा?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच असं मला वाटतं आणि नेमकी हीच मेन टेबलमध्ये नसते, त्यासाठी प्लेयरच्या पानावर आत जाऊन बॅटिंग पोझिशनप्रमाणे आकडे काढावे लागतात. काढा, आळस करू नका.

सचिनचे वनडेत १८४२६ रन आणि ४९ सेंच्युरी हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याची पहिली वनडे सेंच्युरी ७९ व्या मॅचमध्ये आली, सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध. का? कारण त्याआधी तो मधल्या फळीत यायचा, तोपर्यंत ओव्हरच उरलेल्या नसायच्या. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली म्हणून सचिनला ओपनिंगला पाठवलं आणि त्याने ४९ बॉलमध्ये ८२ मारले. तिथून पुढचं करिअर वेगळंच आहे. त्या एका मॅचच्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे एकत्र करून जे अ‍ॅव्हरेज येतं ते खरं तर दोन वेगळ्या बॅट्समनचं आहे.

रोहितचंही असंच. २००७ ला डेब्यू, मग कितीतरी वर्षं टॅलेंट टॅलेंट म्हणत आत-बाहेर, २०१३ पासून कायम ओपनिंग आणि त्याच वर्षी पहिली डबल सेंच्युरी. पुढे अजून दोन. जयसूर्या तर सुरुवातीला स्पिन टाकणारा आणि खाली बॅटिंग करणारा म्हणून खेळायचा, १९९६ च्या वर्ल्ड कपपर्यंत तो जगातला सगळ्यात धोकादायक ओपनर झालेला. करिअरच्या शेवटी १३४३० रन आणि वर ३२३ विकेट. म्हणून कुठल्याही प्लेयरचं करिअर एका ओळीत वाचू नका, वर्षाप्रमाणे फोडा, कुठे वळण आलं ते लगेच दिसतं.

पायरी ६ : काळ कोणता

पहिली वनडे ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला झाली, तेही टेस्ट पावसात वाहून गेली म्हणून, आणि ती होती ४० ओव्हरची, पण एका ओव्हरमध्ये ८ बॉल. १९७५, ७९ आणि ८३ चे वर्ल्ड कप ६० ओव्हरचे, ५० ओव्हर झाल्या १९८७ पासून. म्हणजे जुने आकडे बघताना इनिंग किती ओव्हरची होती तेही बघावं लागतं.

मग फील्डिंगचे नियम. १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या १५ ओव्हर फक्त दोन फील्डर सर्कलबाहेर असा नियम आला आणि ओपनरच्या कामाचं स्वरूपच बदललं. २००५ मध्ये पॉवरप्ले आला, म्हणजे बाहेर मोजकेच फील्डर ठेवता येतात अशा ठरलेल्या ओव्हर. आता वनडेत पहिल्या १० ओव्हर दोन बाहेर, ११ ते ४० चार, शेवटच्या १० मध्ये पाच. टी-२० मध्ये पहिल्या ६ ओव्हर दोन, मग पाच. २०११ पासून वनडेत दोन्ही एंडनी नवीन बॉल, त्यामुळे बॉल जुना होईना, रिव्हर्स स्विंग (जुना बॉल हवेत उलट्या बाजूला वळणं) जवळपास गायब, आणि बॅट्समनची चैन. २०२५ मध्ये ते थोडं बदललं, आता ३४ ओव्हरनंतर दोनपैकी एकच बॉल ठेवतात.

हे सगळं कशाला सांगतोय, तर व्हिव्ह रिचर्ड्स. १८७ वनडे, अ‍ॅव्हरेज ४७, स्ट्राइक रेट ९०.२०, आणि हे कधी, तर १९७५ ते १९९१. आजच्या पोरांना ९० म्हणजे नॉर्मल वाटतं. पण त्या काळात ६० आणि ६५ ने खेळणारे चांगले बॅट्समन समजले जायचे. १९८४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला वेस्ट इंडीजचे ५५ ओव्हरमध्ये २७२ झाले त्यात याचे एकट्याचे १८९ नॉट आऊट. तुलना करायची तर त्याच काळातल्या बाकीच्यांशी करा. बेव्हनचा ७४ सुद्धा १९९४ ते २००४ मधला आहे हे विसरू नका, आणि तेही पाच-सहा नंबरवर, बऱ्याचदा टीम गाळात असताना.

पायरी ७ : बॉलर

बॉलरचे तीन आकडे. अ‍ॅव्हरेज म्हणजे एका विकेटला किती रन दिले, स्ट्राइक रेट म्हणजे एका विकेटला किती बॉल लागले, इकॉनॉमी म्हणजे ओव्हरला किती रन. तिन्ही कमी तेवढे चांगले, बॅट्समनच्या उलट, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

वनडेत एका बॉलरला १० ओव्हर, टी-२० मध्ये ४. त्यामुळे टी-२० मध्ये पाच विकेट म्हणजे २४ बॉलमध्ये पाच, ते क्वचितच होतं, तिथे तीन विकेटही मोठ्या. जोएल गार्नरची वनडे इकॉनॉमी ३.०९ आहे, ९८ मॅचेस खेळून. बुमराची साडेचारच्या आसपास. पण गार्नर १९८७ ला थांबला आणि बुमरा दोन नवीन बॉल, बारक्या बाउंड्री आणि जाडजूड बॅटींच्या काळात शेवटच्या ओव्हर टाकतो. माझ्या मते बुमराचे साडेचार आणि गार्नरचे तीन यात फार अंतर नाही, पण यावर भांडायला लोक तयार असतात. आणि एखाद्या दिवसाच्या फिगरवरून तर बॉलर ठरवूच नका, फिल सिमन्सने १९९२ मध्ये सिडनीला पाकिस्तानविरुद्ध १० ओव्हर, ८ मेडन (एकही रन न दिलेल्या ओव्हर), ३ रन, ४ विकेट अशी बॉलिंग केलीय, आणि तो मुळात ओपनिंग बॅट्समन!

बॉलरचंही काम बघा. नवीन बॉल टाकणाऱ्याला विकेट जास्त मिळायला पाहिजेत, मधल्या ओव्हरवाल्याची इकॉनॉमी बघा, आणि डेथला, म्हणजे शेवटच्या ओव्हर्सना, टाकणाऱ्याची इकॉनॉमी जरा जास्त दिसली तरी माफ करा. १९ व्या ओव्हरला ८ रन देणारा हिरो असतो, पॉवरप्लेनंतर आठव्या ओव्हरला ८ देणारा साधा.

समोर टीम कोण होती तेही. राशिद खानने ४४ वनडेत १०० विकेट काढल्या, तो रेकॉर्ड नेपाळच्या संदीप लामिछानेने ४२ मॅचेसमध्ये मोडला. दोघेही गुणीच, पण त्यातल्या बऱ्याच विकेट छोट्या टीम्सविरुद्धच्या आहेत. त्या विकेट खोट्या नाहीत, पण वाचताना डोक्यात ठेवायच्या.

पायरी ८ : जे टेबलमध्ये नसतं

फील्डिंग. कॅच आणि स्टम्पिंग लिहिलेले असतात, वाचवलेले रन कुठेच नसतात आणि रनआऊटही मेन टेबलमध्ये नसतो. जॉन्टी ऱ्होड्सचं वनडे अ‍ॅव्हरेज ३५, नुसतं तेवढं वाचलं तर तो एवढा फेमस का ते कळणारच नाही. १९९२ मध्ये इंझमामला उडी मारून रनआऊट केलं तो व्हिडिओ बघा एकदा.

पायरी ९ : एक स्कोरकार्ड पूर्ण वाचा

आकडे बास झाले, आता एक मॅच उघडा. १ जानेवारी १९९६, सिडनी, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडीज. पावसामुळे ४३ ओव्हरची मॅच, टार्गेट १७३. ऑस्ट्रेलिया ३८ ला ६. मग ७४ ला ७. बेव्हन एका बाजूने उभा, पॉल रायफल ३४ करून साथ देतो, शेवटच्या बॉलला चार पाहिजेत, बॉलर रॉजर हार्पर, आणि बेव्हन सरळ समोर फोर मारतो. ७८ नॉट आऊट. ऑस्ट्रेलिया एक विकेटने जिंकली.

आता टेबलमध्ये या इनिंगचं काय उरतं? ७८ रन आणि एक नॉट आऊट. बस. त्याच ६७ मधला एक नॉट आऊट, ज्याला मी फुगवलेला म्हणायचो. दुसरीकडे कोणी ३५० च्या चेसमध्ये आधीच हरलेल्या मॅचमध्ये ७८ नॉट आऊट केले तरी टेबलमध्ये ते अगदी असेच दिसतात. त्यामुळे आवडत्या प्लेयरच्या निदान दहा-बारा मॅचेसचे स्कोरकार्ड उघडून बघा, तो आला तेव्हा स्कोर किती होता, किती ओव्हर उरल्या होत्या, आणि रेट किती लागत होता. भाच्याला मी हेच करायला लावलं, तो अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला मामा या दोघांची तुलनाच होत नाही. मी म्हटलं चला, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पायरी १० : करिअरचा आकार

शेवटी जरा लांबून बघा. टेस्ट किती खेळला? बेव्हन १८, अ‍ॅव्हरेज २९. रॉबिन सिंग १३६ वनडे आणि टेस्ट फक्त एक. अ‍ॅरन फिंच ५ टेस्ट. कायरन पोलार्डने टेस्ट खेळलीच नाही. पूर्वी असं करिअर म्हणजे काहीतरी कमी राहिलं असं मानायचे, वनडेवाला म्हणून हिणवायचे. २००३ मध्ये इंग्लंडच्या डोमेस्टिकमध्ये टी-२० सुरू झालं, २००८ ला आयपीएल आली, आणि आता पोलार्डसारखं करिअर पोरं ठरवून निवडतात.

म्हणून २०१० नंतरच्या प्लेयरच्या इंटरनॅशनल मॅचेस कमी दिसल्या तर लगेच ड्रॉप झाला असं समजू नका. बाहेरच्या लीगमध्ये खेळायला आपल्या बोर्डाची एनओसी म्हणजे लेखी परवानगी लागते, वर्षातले महिने मोजकेच असतात, बॉलर्सच्या पाठीचे आणि गुडघ्याचे प्रॉब्लेम वेगळेच. ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये न्यूझीलंडचं सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून सोडलं. मध्येच एक-दोन वर्षांचा गॅप दिसला तर कारण तीनपैकी एक असतं, दुखापत, फॉर्म किंवा स्वतःचा निर्णय, आणि कुठलं ते त्या वर्षीच्या बातम्या चाळल्या की पाच मिनिटांत कळतं.

बायकांचे आकडे वेगळ्या टेबलमध्ये आणि वेगळ्या नजरेने बघा. मिताली राज २३२ वनडे, बेव्हनइतक्याच, ७८०५ रन आणि अ‍ॅव्हरेज ५०.६८. पण १९९९ ते २०२२ एवढ्या २३ वर्षांत मिळून २३२, आणि टेस्ट फक्त १२, कारण मॅचेसच ठेवल्या जायच्या नाहीत. आणि वनडेतली पहिली डबल सेंच्युरी सचिनची २०१० ची असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्येच २२९ नॉट आऊट केलेत, तेही मुंबईत.

आणि हो, कोणी रिटायर झाला की त्याच्या करिअरची शेवटची तारीख पेन्सिलने लिहा. बेन स्टोक्सने जुलै २०२२ मध्ये वनडे सोडली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये परत येऊन न्यूझीलंडविरुद्ध १८२ ठोकले. डी कॉक पण २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर वनडेतून गेला होता, २०२५ मध्ये परत आला.